अनौरस अपत्य, बापाचे नाव आणि सातबारा

मंचरहून घोडेगाव आणि डिंभे मागे टाकून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता तळेघरावरून जातो. यात्रेकरूंच्या लेखी ते वाटेवरचे एक गाव. आम्हांस मात्र त्याचे स्मरण एका कायद्याच्या प्रश्नामुळे होते. लग्नावाचून जन्मलेल्या मुलाचा बाप कोण हे ठरवावयाचे कोणी, आणि ते ठरल्यावर त्या मुलाच्या पदरात काय पडते, हा तो प्रश्न. पुण्यात या प्रश्नाचे जे उत्तर मिळते ते तळेघरात मिळतेच असे नाही, आणि असे का झाले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आमच्या धर्मशास्त्राने अनौरस मुलास अगदीच वाऱ्यावर सोडले होते असे नाही. याज्ञवल्क्याने आणि त्याच्यावर टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने शूद्राच्या दासीपुत्रास वाटा सांगितला आहे. बाप हयात असता तो त्याच्या इच्छेने, आणि बापामागे औरस भावांच्या वाट्याच्या मानाने अर्धा. त्रैवर्णिकांच्या अशा मुलास मात्र नुसते अन्नवस्त्र. म्हणजे ज्यांस शास्त्राने खालचे मानले त्यांच्याच अनौरस मुलास जमिनीत हक्क होता, आणि वरच्यांच्या मुलास ताटापुरता. ही उदारता की उपेक्षा, याचा निर्णय श्रोत्यांनी करावा. आम्हांस यात उपेक्षेचाच भाग अधिक दिसतो.

पुण्यात वसंत व्याख्यानमालेस आरंभ झाला त्याच १८७५ साली मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे राही विरुद्ध गोविंद हा खटला चालला. व्यभिचारसंबंधातून झालेल्या मुलास शूद्रांतही वाटा नाही, पोटगी मात्र आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. पुढे सदू विरुद्ध बैजा या खटल्यात त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने एक पाऊल पुढे टाकले. औरस भाऊ वारला तर दासीपुत्रास त्याच्यामागे उरलेली मिळकत हक्काने येते, असे ठरले. १८९० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे मत उचलून धरले. या निकालांत शेतकऱ्यांच्या घरांतील भाऊबंदकी आणि विधवांचे वाद जसेच्या तसे दिसतात. त्या काळच्या समाजाचे इतके खरे चित्र आम्हांस कादंबऱ्यांतही क्वचितच आढळले आहे.

न्यायालयाबाहेर याच सुमारास जे घडत होते तेही ध्यानात घेतले पाहिजे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनी पुढे दत्तक घेतले. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र करून ते नोंदविले. मुलाचा जन्म कसा झाला हे न विचारता त्यास बापाचे नाव देता येते, हे या दांपत्याने कृतीने दाखविले. पण ते दत्तक होते. जन्मदात्या पुरुषास हात लावण्याचे सामर्थ्य त्या मार्गात नव्हते.

ते सामर्थ्य थोडेफार फौजदारी कायद्याने दिले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४८८ व्या कलमान्वये अनौरस मुलाच्या बापास दंडाधिकारी पोटगीचा हुकूम करू शकत असे. तिची मर्यादा दरमहा पन्नास रुपये होती. ती १९२३ मध्ये शंभर आणि १९५५ मध्ये पाचशे झाली. १९७३ च्या संहितेत हेच कलम १२५ या आकड्याने आले. पाचशेची मर्यादा २००१ साली उठली, आणि १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. स्त्रीस स्वतःसाठी पोटगी मागावयाची तर लग्न दाखवावे लागते; मुलासाठी ते लागत नाही, बाप दाखविला की पुरे.

पण बाप दाखवावयाचा कसा? पूर्वी साक्षीदार, पत्रे, एकत्र राहणे आणि गावाची जीभ एवढाच पुरावा असे. आता रक्ताची जनुकीय तपासणी आहे. मात्र आई विवाहित असेल तर मूल तिच्या नवऱ्याचेच, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे ११२ वे कलम गृहीत धरी, आणि आजचा कायदाही तेच धरतो. २०१४ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तपासणीचा निष्कर्ष या गृहीतापेक्षा श्रेष्ठ मानला. २०२३ मध्ये पुण्याच्या एका दांपत्याच्या वादात मात्र, नवराबायकोच्या भांडणात मुलाच्या रक्ताची परीक्षा सरसकट करू नये, असे त्याच न्यायालयाने बजावले. आम्हांस दोन्ही निकाल पटतात. पहिल्यात न झालेल्या बापावर ओझे नको हा विचार आहे; दुसऱ्यात मुलास हत्यार करू नका हा.

१९५६ साली हिंदू वारसा कायदा आला. तो मोठा सुधारणेचा कायदा, यात संशय नाही. पण अनौरस मुलाचे नाते त्याने आईशी आणि सख्ख्या भावंडांशीच जोडले, बापाशी नाही. शूद्राच्या दासीपुत्राचा शेकडो वर्षांचा अर्धा वाटा त्या दिवशी गेला, आणि त्याच्याबद्दल कोणी फारसे रडल्याचे ऐकिवात नाही. बेकायदेशीर ठरलेल्या विवाहाच्या मुलांस १९७६ च्या दुरुस्तीने आईबापांच्या मिळकतीत स्थान मिळाले, आणि सप्टेंबर २०२३ च्या निकालाने ते बापाच्या एकत्र कुटुंबातील हिश्शापर्यंत पोहोचले. विवाहच झाला नाही, त्याच्या मुलास यातले काहीच नाही.

शेजारच्या गोव्यात निराळे आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने बापास जन्मनोंदणीत, मृत्युपत्रात किंवा सरकारी दस्तऐवजाने मूल आपले म्हणून स्वीकारण्याची सोय दिली. न स्वीकारणाऱ्या बापामागे लागण्याची वाट मात्र तिनेही फार अरुंद ठेवली होती.

आता तळेघर. हा महादेव कोळ्यांचा मुलूख, आणि ही जमात अनुसूचित. १९५६ च्या हिंदू कायद्यांतच असे लिहिले आहे की, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्यावाचून ते अनुसूचित जमातींस लागू नाहीत. मग लागू काय? रूढी. एकोणिसाव्या शतकात कॅप्टन मॅकिंटॉश याने या जमातीच्या गोतर्णी नावाच्या पंचसभेचे वर्णन केले आहे. तीत रगतवान हा मुख्य, मेटल त्याचा दुय्यम. ढाल्या अपराध्याच्या घरावर उंबराची फांदी खोवी, हडक्या दारावर हाड बांधी आणि मडक्याकडे शुद्धीकरण असे. जातीत कोण राहील आणि कोण नाही हे ती सभा ठरवी. आज तिचे अधिकार उरलेले नाहीत. पण वारसाचा प्रश्न निघाला की न्यायालय रूढीच विचारते, आणि ती सिद्ध करण्याचा भार बहुधा दुबळ्याच पक्षावर पडतो.

म्हणून तळेघरच्या अविवाहित आईस घोडेगावच्या न्यायालयात मुलाची पोटगी मिळू शकते, कारण ते कलम जात पाहत नाही. पालकत्वासाठी १८९० चा जुना कायदा तिला उपयोगी पडतो, आणि त्याखाली बापाचे नाव उघड न करताही आई पालक होऊ शकते, असे २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव महाराष्ट्रात आवश्यक झाले. जमिनीवर मात्र त्या मुलाचे नाव कसे चढावे? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी स्त्रीच्या वारसांबाबत सांगितले की, स्त्रीस वगळणारी रूढी सिद्ध न झाल्यास समतेचे तत्त्व लागू करावे. तो निकाल मुलीच्या हक्काचा आहे, अनौरस मुलाचा नाही. पण सिद्ध कोणी काय करावयाचे, हा भार त्याने फिरविला आहे, आणि घोडेगावात उद्या असा दावा लागला तर वकिलास प्रथम हाच निकाल उघडावा लागेल.