होम डिरेक्टरीचा बदलता पत्ता

कोणताही मुक्त प्रोग्राम उतरवून घ्या, बिल्डच्या सूचनांत एक ओळ पुष्कळदा असते: ही फाइल तुमच्या होम डिरेक्टरीत ठेवा. पुढे छापलेला मार्ग मात्र लिहिणाऱ्याच्या मशीनवरचा असतो. गुरुकुंज मोझरीत मी मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो. या एका ओळीपायी त्यांची अख्खी दुपार वाया गेलेली मी पाहिली आहे.

होम डिरेक्टरीचा, म्हणजे खात्याच्या स्वतःच्या फोल्डरचा, पत्ता एका जागी कधी टिकलाच नाही. बेल लॅब्जमधल्या सुरुवातीच्या युनिक्सवर माणसांची घरं 'यूएसआर'खाली असत. युनिक्स घडवणाऱ्या केन थॉम्पसनचं तिथल्याच 'केन' फोल्डरात. पुढे त्या जागेत प्रणालीच्या फायली मावेनाशा झाल्या आणि माणसं बाहेर पडली. लिनक्सवर ती 'होम'मध्ये गेली, मॅकवर 'यूजर्स'मध्ये. विंडोज एक्सपीवर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' होतं, व्हिस्टापासून तिथंही 'यूजर्स' आलं. युनिक्सनं मात्र खरा पत्ता पासवर्ड फाइलमध्ये, प्रत्येक खात्याच्या सहाव्या रकान्यात नोंदवून ठेवला. १९७९च्या सातव्या आवृत्तीत लॉगिन करताच तो 'होम' या चलात मिळू लागला. त्याच सुमारास बर्कलीच्या बिल जॉयनं सी शेलमध्ये त्यासाठी '~' हे चिन्ह घेतलं. एडीएम-३ए टर्मिनलवर 'होम' आणि ते चिन्ह एकाच कळीवर होतं.

हे चिन्ह आपली आज्ञा वाचणारं शेल उलगडतं, प्रोग्राम नव्हे. घोळ इथूनच सुरू होतो. अवतरणात घातलं की शेल त्याला हात लावत नाही, आणि '~' नावाचाच फोल्डर तयार होऊन बसतो. तो काढायला अवतरणाशिवाय आज्ञा दिली, तर खरं घर पुसलं जातं. जावानं तर विंडोजवर कितीतरी वर्षं डेस्कटॉप ज्या फोल्डरात तेच घर, असं धरलं. कुणी डेस्कटॉप डी ड्राइव्हवर हलवला की घरही हललं! २०१४च्या आठव्या आवृत्तीत हे सुधारलं.

तिवस्याच्या एका मुलीनं विंडोजचं खातं स्वतःच्या नावानं, देवनागरीत उघडलं. फोल्डरही त्याच नावाचा झाला आणि बिल्डचं जुनं साधन तो मार्ग वाचताना अडलं. "सर, याले माह्यं घरच सापडून नाही राह्यलं," ती म्हणाली. यावर सगळे सांगतात, इंग्रजी नावाचं नवं खातं काढ. मला ते मान्य नाही. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथं आश्रम उभारला, गावकऱ्याला कळेल अशा मराठीत ग्रामगीता लिहिली. त्या गावात शिकणाऱ्या मुलीनं आपलं नाव का बदलावं? युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे. दोष साधनाचा आहे.

वर्गासाठी सूचना लिहिताना मी मार्ग छापत नाही. घर कुठं, हे पायथॉनलाच विचारायची आज्ञा देतो. त्यातही २०१९च्या ३.८ आवृत्तीपासून विंडोजवर 'होम' हे चल वाचलं जात नाही, 'यूजरप्रोफाइल' वाचलं जातं. 'होम'मध्ये हवा तो मार्ग भरा, असं सांगणारी जुनी सूचना तिथं काहीही न बोलता निकामी ठरते. म्हणून आधी आवृत्तीचा आकडा लिहितो, मग आज्ञा.