एक सतरा अंकी संख्या आणि द. रा. कापरेकर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे नाव प्रामुख्याने ६१७४ या स्थिरांकाशी जोडले जाते. त्याच्या कितीतरी आधी त्यांनी अभ्यासलेली १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मात्र गणिती करमणुकीच्या सदरात टाकली जाते. ही संख्या कापरेकरांनीच शोधली, असाही समज आढळतो. या दोन्ही गोष्टी तपासून पाहण्यासारख्या आहेत.

सदर संख्या म्हणजे नऊ एकांनी बनलेल्या १११११११११ चा वर्ग होय. ती उलट वाचली तरी तीच राहते. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हा ९ चा वर्ग. १११११११११ चे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असल्याने तिच्या वर्गाला एकूण ४५ विभाजक मिळतात.

ही सममिती येते कोठून? गुणाकार उभ्या मांडणीत केला असता एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात. मधल्या स्तंभात नऊ एक जमतात आणि दोन्ही बाजूंना ते एकेकाने कमी होतात. कोणत्याही स्तंभाची बेरीज ९ च्या वर जात नसल्याने हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या स्तंभात १० येतात, हातचा दोनदा पुढे जातो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. चढत्या बाजूचा ८ लोपतो. अंकांची बेरीज १०० न होता प्रत्येक हातच्यामागे ९ कमी होऊन ८२ उरते. म्हणजे नऊ ही मर्यादा दशमान पद्धतीची आहे. पाया बारा घेतला, तर हाच क्रम अकरा एकांपर्यंत टिकेल.

या कुळातील संख्या भारतीय परंपरेला नवीन नव्हत्या. नवव्या शतकातील जैन गणिती महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात १२३४५६५४३२१ ही संख्या एकापासून सहापर्यंत चढणारी व पुन्हा क्रमाने उतरणारी, अशी वर्णिली आहे. तेव्हा कापरेकरांना आद्य शोधक म्हणणे योग्य नव्हे. (भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील अठरा स्थानांत ही सतरा अंकी संख्या 'मध्य' या स्थानी पोहोचते, दहा एकांचा एकोणीस अंकी वर्ग मात्र 'परार्धा'च्याही पलीकडे जातो. हा अर्थातच योगायोग होय.)

कापरेकरांचे श्रेय वेगळे आहे. त्यांनी या सुट्या नवलाला एका व्यापक वर्गात बसविले. डाव्या व उजव्या भागांची बेरीज एकाच अंकाची बनावी आणि तोच अंक मध्यभागी एकदा किंवा अनेकदा यावा, अशा संख्यांना त्यांनी 'डेम्लो' म्हटले. उदाहरणार्थ, २५५३ मध्ये २ + ३ = ५, तर ४७७७३ मध्ये ४ + ३ = ७. प्रस्तुत संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मध्यभागी ९. ही कल्पना तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर सुचली, म्हणून हे नाव. १९३८ मध्ये त्यांचे यावरील टिपण 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात आले.

त्या वेळी ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते. पदव्युत्तर शिक्षण मात्र झाले नव्हते. १९६२ मध्ये ते निवृत्त झाले. मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले ते १९७५ साली, टिपणानंतर सदतीस वर्षांनी.