दुभाष्याआधी भाषा

कर्णबधिर मूल शाळेत आले की वर्गात एक दुभाषी उभा करावा, म्हणजे काम झाले, असे आपल्याला सहज वाटते. शिक्षकांचे बोलणे तो खुणांच्या भाषेत सांगेल आणि मुलाचे म्हणणे बोलून दाखवेल. पण ती खुणांची भाषा मुलाने शिकायची कोठे? हा प्रश्न जुना आहे.

1880 साली इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. 164 प्रतिनिधींत स्वतः कर्णबधिर असे एकटे अमेरिकेचे जेम्स डेनिसन होते. मुलांना खुणांऐवजी तोंडी भाषेतूनच शिकवावे, असा ठराव 160 विरुद्ध 4 मतांनी संमत झाला. (मुंबईतील कर्णबधिरांची शाळा त्यानंतर पाचच वर्षांनी, 1885 साली निघाली.) पुढे अनेक देशांत खुणांना वर्गबंदी झाली आणि कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. आमच्या मते खरे नुकसान हे दुसरे. ज्यांच्या हातांकडे पाहून लहान मुलाने भाषा उचलावी, ती मोठी माणसेच शाळेत उरली नाहीत.

मुलांनी ओठ वाचावेत, अशी अपेक्षा होती. आपण आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘पाळ’, ‘बाळ’, ‘माळ’ म्हणून पाहावे. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात!

खुणांना स्वतःचे व्याकरण असते हे अमेरिकेतील गॅलॉडेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या विल्यम स्टोकी यांनी 1960 साली मांडले. हाताचा आकार, त्याची जागा आणि हालचाल, या घटकांतून प्रत्येक खूण घडते, असे त्यांनी दाखवले. तोवर दुभाष्याचे काम कर्णबधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुले, पाद्री किंवा शिक्षक करीत, तेही बहुधा फुकट. 1964 साली अमेरिकेत दुभाष्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. 1975 च्या कायद्यानंतर तेथील कर्णबधिर मुले मोठ्या संख्येने साध्या शाळांत येऊ लागली आणि त्यांच्याबरोबर दुभाषीही वर्गात आला.

ही व्यवस्था घडली होती मोठ्यांसाठी, ज्यांना भाषा येते त्यांच्यासाठी. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. घरात कोणालाच खुणांची भाषा येत नसेल, तर पाच-सहा वर्षांचे मूल कोणतीही पुरी भाषा हाती नसताना शाळेत येऊ शकते. त्याच्यापुढे उत्तम दुभाषीही काय करणार? भारतीय खुणांच्या भाषेसाठी दिल्लीत 2015 साली केंद्र स्थापन झाले, 2018 साली तीन हजार शब्दांचा कोशही निघाला. पण कोशातून बालवाडीतले मूल भाषा शिकत नाही. त्याला खुणांनी बोलणारी माणसे आणि सवंगडी लागतात, आणि तेही शाळेच्या आधी.

भाषा आली तरी दुभाषी वापरणे वेगळे शिकावे लागते. हात दुभाष्याचे असले तरी बोलणे बाईंचे आहे, शंका बाईंना विचारायची, दुभाषी दोन-चार शब्द मागेच असणार, हे लहान मुलाला आपोआप कळत नाही. विज्ञानाच्या तासाला तर आणखी अडचण. “पाहा, निळा लिटमस तांबडा झाला,” असे आपण आम्ल ओतता ओतता म्हणतो. मूल दुभाष्याचे हात पाहत असेल तर रंग बदललेला त्याला दिसतच नाही. तेव्हा आधी बोलणे संपवावे, मुलाची नजर चंचुपात्राकडे वळेपर्यंत थांबावे आणि मगच आम्ल ओतावे.