रमण्यातली दक्षिणा: सरकारी तिजोरी आणि धर्मादाय

सरकारी तिजोरीतून धर्मकार्याला पैसा द्यावा की देऊ नये, हा प्रश्न निघाला की आपण लगेच अमेरिकेकडे नाहीतर फ्रान्सकडे बघायला लागतो. धर्म आणि राज्य यांची फारकत म्हणजे काहीतरी परदेशी चीज, असं आपण गृहीतच धरलेलं असतं. पण याच प्रश्नावर पुण्यात दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी मोठा झगडा झाला. तो पुस्तकी नव्हता, रोख पैशांवरून झाला होता. आज आपण त्या पैशाचा माग काढणार आहोत. तो पैसा म्हणजे दक्षिणा.

सुरुवात तळेगावात होते. सेनापती खंडेराव दाभाडे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १७३१ साली डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्रिंबकराव मारला गेला आणि ही प्रथा पहिल्या बाजीरावाने पुण्यात आणली. पुढे ती इतकी वाढली की काशीपासून रामेश्वरापर्यंतचे ब्राह्मण श्रावणात पुण्याची वाट धरू लागले. गर्दी आवरेना, म्हणून पर्वतीच्या पायथ्याशी मोठं आवार घातलं गेलं. तोच रमणा. नानासाहेबांच्या काळात, १७५८ साली, ही रक्कम अठरा लाखांवर गेल्याची नोंद सांगितली जाते.

ही नुसती खैरात होती असं म्हणता येणार नाही. शास्त्री मंडळी परीक्षा घेत आणि ज्याची जशी विद्या तशी त्याची दक्षिणा ठरे. रामशास्त्री प्रभुण्यांची आख्यायिका आपल्याला ठाऊक आहे. त्यांचा भाऊ रांगेत आला, तेव्हा त्याला जास्त द्यावं असं नाना फडणिसांनी सुचवलं. शास्त्रीबुवा म्हणाले, इतरांना मिळतं तेवढंच याला द्या. गोष्ट खरी की रचलेली, हा भाग वेगळा. पण दक्षिणा वाटणाऱ्याने निःपक्षपाती असावं, ही अपेक्षा लोकांच्या मनात होती, एवढं त्यातून दिसतं.

आता दुसरी बाजू. हा पैसा यायचा कुठून? गावोगावच्या सारावसुलीतून. म्हणजे कुणबी पिकवणार, सरकार वसूल करणार आणि वाटप एकाच जातीत होणार. पेशवाईत याबद्दल कुणी जाब विचारल्याचं आपल्याला दिसत नाही. धर्म राखणं हे राजाचं कामच मानलं जाई.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि कंपनी सरकारपुढे पेच उभा राहिला. एल्फिन्स्टनने साताऱ्याहून काढलेल्या जाहीरनाम्यात वतनं, इनामं, वर्षासनं आणि धर्मादाय संस्था राखण्याचा शब्द दिला होता. यात धर्मप्रेम किती आणि राजकारण किती? राजकारणच जास्त. पुण्याचा ब्राह्मणवर्ग बिथरला तर नवं राज्य टिकणं अवघड, हे तो ओळखून होता. म्हणून त्याने दक्षिणा बंद केली नाही, पण वर्षाला पन्नास हजारांची मर्यादा घातली. शिवाय याच निधीच्या आधाराने १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. दान हळूच शिक्षणाकडे वळवायचं, अशी ही युक्ती होती.

तिकडे इंग्लंडात मात्र वेगळंच वारं वाहत होतं. ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी मूर्तिपूजेला हातभार लावायचा, हे मिशनरी आणि त्यांचे पाठीराखे यांना खपत नव्हतं. पुरीची, गयेची, प्रयागची यात्रापट्टी कंपनी गोळा करत असे आणि देवळांचा कारभारही बघत असे. १८३३ साली लंडनहून हुकूम आला की यातून अंग काढून घ्या. अंमल सावकाश झाला. १८३८ साली मद्रासचे सरसेनापती मेटलंड यांनी तर याच कारणावरून राजीनामा दिला. १८४० च्या कायद्याने यात्रापट्टी गेली आणि १८६३ च्या कायद्याने देवस्थानं विश्वस्तांच्या हाती सोपवण्यात आली.

वरवर बघता ही फारकतच वाटते. पण हिशेब पुरा मांडायला हवा. १८१३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्याला बिशप नेमला, १८३३ च्या कायद्याने मुंबई आणि मद्रासलाही बिशप देण्याची सोय केली. त्यांचा पगार हिंदुस्थानच्याच महसुलातून जायचा. म्हणजे देवळाच्या कारभारातून हात काढला तरी चर्चच्या पगारपत्रकावरची सही चालूच राहिली. रयत तीच, तिजोरी तीच.

आता पुन्हा पुण्याला येऊ. १८३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सरकारचं धोरण ठरत गेलं. दक्षिणेत नवी नावं घ्यायची नाहीत, जुन्यांना हयातभर द्यायचं, आणि वाचेल तो पैसा विद्येकडे वळवायचा. मग १८४९ साली लोकहितवादी आणि इतर सुधारकांनी सरकारला अर्ज केला की यातला काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा, आणि त्याला जातीची अट नसावी. पुण्यात गदारोळ उठला. अर्ज करणाऱ्यांच्या जिवाला धोका होता म्हणून जोतीराव फुल्यांनी तालमीतली माणसं त्यांच्या पाठीशी उभी केली, असं चरित्रकार सांगतात. अखेर १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. धर्माचा पैसा भाषेचा आणि ज्ञानाचा झाला. पुढे याच निधीतून दक्षिणा फेलोशिप मिळू लागल्या आणि रानडे, भांडारकर, आगरकर यांना त्या मिळाल्या. फुल्यांच्या शाळांनाही या फंडातून मदत झाली.

इथे गोष्ट थांबवली तर ती फार गोड होईल. पण १८५५ साली काय झालं बघा. फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठवलं. शेतकऱ्याला भटजी कसा नागवतो, हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारलं. का, ते फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त स्वतःच सांगितलं आहे: कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही.

आमच्या मते या सगळ्या इतिहासाचा कळीचा मुद्दा इथेच आहे. फंडाचा हेतू बदलला, नियम बदलला, जातीची अट गेली. पण निवाडा करणारी माणसं बहुतेक त्याच वर्तुळातली राहिली. म्हणून आपण फारकतीबद्दल बोलतो तेव्हा पैसा कुणाला दिला, एवढं विचारून भागत नाही. तो कुणाकडून घेतला आणि कुणाला द्यायचा हे ठरवायला कोण बसलं, हेही विचारावं लागतं. १८८२ साली हंटर कमिशनपुढे फुल्यांनी नेमका पहिला प्रश्न मांडला: महसूल रयतेच्या घामाचा, मग शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गासाठी का?

स्वतंत्र भारताच्या घटनेतलं २७ वं कलम या पार्श्वभूमीवर वाचून बघा. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठीच ज्याचं उत्पन्न राखून ठेवलं आहे, असा कर भरण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही. यात भर कर देणाऱ्यावर आहे. हे कलम आपल्याच मुंबई राज्याच्या बाबतीत लवकर कसाला लागलं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली न्यासांकडून वर्गणी घेतली जाई. तिला एका जैन देवस्थानाच्या व्यवस्थापकांनी आणि पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनी आव्हान दिलं. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही वर्गणी म्हणजे कर नव्हे. न्यासांवर देखरेख ठेवण्याच्या कामाचं ते शुल्क आहे. मात्र धार्मिक संस्थेचा विश्वस्त म्हणून धर्मादाय आयुक्तालाच नेमता येईल, ही तरतूद न्यायालयाने उचलून धरली नाही. हिशेब तपासा, पण गादीवर बसू नका, असा त्याचा अर्थ.

आजही तीर्थक्षेत्रांच्या विकासाला, धार्मिक संस्थांच्या शाळा-रुग्णालयांना सरकारी पैसा मिळतो. त्यातलं प्रत्येक अनुदान वाईटच असतं, असं आम्ही म्हणत नाही. शाळेत सगळ्यांची मुलं शिकत असतील, दवाखान्यात कुणालाही दार उघडं असेल, तर संस्थेच्या पाटीवर कुठल्या देवाचं नाव आहे हे दुय्यम ठरतं. पण असं अनुदान जाहीर झालं की त्याच्या कमिटीतली नावं जरूर वाचा. ‘तृतीय रत्न’ तिथेच अडलं होतं.