वनराजा (कोंबडी)
वनराजा ही हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील कुक्कुटपालनासाठी विकसित केलेली कोंबडीची सुधारित जात आहे. ती अंडी व मांस या दोन्हींसाठी पाळतात. तिची पिसे गावठी कोंबडीप्रमाणे रंगीबेरंगी, तर अंडी तपकिरी असतात. पिलांना पहिले सहा आठवडे कृत्रिम ऊब, संतुलित खाद्य व मानमोडीसारख्या रोगांविरुद्ध लसीकरण आवश्यक असते. त्यानंतर ती परसात दाणे, किडे व हिरवा पाला टिपून बऱ्याच अंशी वाढतात. वनराजा गावठी कोंबडीपेक्षा अधिक अंडी देते; मात्र ती सहसा खुडूक होत नाही. शिवाय संकरित असल्याने तिचे गुण पुढील पिढीत पूर्णपणे उतरत नाहीत. त्यामुळे उत्पन्न वाढले, तरी पिलांसाठी पाळणाऱ्यास उबवणी केंद्रावरच अवलंबून राहावे लागते.