धुरी, फवारणी आणि मच्छरदाणी

मालवण किनाऱ्यावर तिन्हीसांजेला नारळाच्या सोडणांची, कडुलिंबाच्या पाल्याची धुरी घरभर फिरे. डास पांगत, पण निखारा विझताच परतत, आणि धूर माणसांच्या छातीत साचे. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी शोधला. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाने डीडीटीची फवारणी देशभर नेली. पुढे डासच तिला सरावले. जाळीला मात्र डास सरावू शकत नाही, म्हणून झोपायच्या खोलीत मच्छरदाणीच सर्वांत भरवशाची. दमट हवेत आत उकडते, हा आक्षेप खराच. पण पंख्याने तो बराच निवतो. मात्र कडा गादीखाली नीट खोचायला हव्यात, आणि परसातल्या करवंट्यांत साचलेले पाणीही ओतायला हवे, कारण डेंगीचा डास दिवसा, आपण मच्छरदाणीबाहेर असताना चावतो.