टिरेटा बाजारातलं अळणी

कोल्हापूरकरांना अळणी समजावून सांगावं लागत नाही. मटण आधी आलं-लसूण आणि हळदीवर शिजवायचं, तिखट पडायच्या आधी वरचं पाणी वाटीत काढायचं आणि घरातल्या लहान पोरांना, आजारी माणसाला द्यायचं. पांढरा रस्सा काय, तांबडा काय, दोन्ही त्या पाण्याच्या जिवावर उभे राहतात. नावात मीठ नाही, पण बऱ्याच घरांत चिमूटभर पडतंच, तो वाद इथे नको. कोलकात्याच्या पोस्टिंगवर असताना मला कळलं की चिनी स्वयंपाकही अशाच एका अळण्यावर उभा असतो. आणि आपल्याकडे गाडीवर ज्याला 'चायनीज' म्हणतात, त्यातून नेमकं तेच गळून गेलेलं आहे.

आमच्या वेळी फोर्ट विल्यम हा फोर्ट विल्यमच होता. २०२४ च्या अखेरीस त्याचं नाव बदलून 'विजय दुर्ग' झालं, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. सेंट जॉर्जेस गेटला आता शिवाजी गेट म्हणतात. तिथून लालबाजारच्या पोलीस मुख्यालयाच्या मागे असलेला टिरेटा बाजार फार लांब नाही. अठराव्या शतकात एडवर्ड टिरेटा नावाचा एक इटालियन माणूस कलकत्त्यात कंपनीच्या नोकरीत होता, हा बाजार त्याच्या नावाचा. रविवारी पीटी नसली तरी फौजी माणसाला पाचला जाग येतेच, आणि टिरेटा बाजाराचा चिनी नाश्ता त्याच वेळचा. फुटपाथवर बांबूच्या टोपल्यांत वाफवलेले बाओ, मोमोपेक्षा जाड आवरणाचे डंपलिंग, आणि एका मोठ्या पातेल्यात माशाच्या गोळ्यांचं सूप. त्या सूपाला रंग जवळजवळ नाही. पहिल्या घोटाला वाटतं, यात आहे काय? तिसऱ्या घोटाला बोलणं थांबतं.

चिनी माणूस कोलकात्यात आला तो अठराव्या शतकातच. टोंग अच्यू नावाच्या व्यापाऱ्याला वॉरन हेस्टिंग्जने बजबजजवळ हुगळीच्या काठी जमीन दिली आणि त्याने तिथे साखरेचा कारखाना काढला. त्याच्याच नावावरून गावाला अछीपूर म्हणतात. नदीकाठी त्याची लाल रंगाची, घोड्याच्या नालेसारखी कबर आहे, आणि चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्यातली चिनी कुटुंबं आजही तिथे जातात. मागाहून आलेल्यांनी आपापले धंदे वाटून घेतले: कँटनकडचे सुतार, हूपेकडचे दातांचे डॉक्टर, हाक्का लोक चामड्याचे आणि बुटांचे. टांग्रा भागातल्या टॅनरी हाक्कांच्या. कातडं कमावणं हे काम इतर जातींनी नाक मुरडून सोडलेलं, म्हणूनच त्यांना ते मिळालं, हे स्पष्ट म्हटलेलं बरं.

टिरेटा बाजारात एका वयस्क बाईंशी माझी ओळख झाली. हाक्का घराण्यातल्या, जन्म कलकत्त्यातला, बोलणं बंगालीमिश्रित हिंदीत. आम्ही त्यांना मासीमा म्हणायचो. सूपात काय घालता, असं विचारलं तर म्हणाल्या, "कुछ नहीं डालता. निकालता है." पुढे त्यांनी जे दाखवलं ते असं.

कोंबडीची हाडं घ्यायची: पाठ, मान, पंखांची टोकं आणि मुख्य म्हणजे पाय. एक ते सव्वा किलो. आपल्याकडे खाटीक सवयीने कातडी काढून देतो, त्याला आधीच सांगायचं. अंडी देऊन थकलेली लेअर कोंबडी किंवा गावठी मिळाली तर उत्तम. कोवळ्या ब्रॉयलरच्या मांसात चव कमी असते, हाडात आणि पायात ती कसर भरून निघते. हाडं गार पाण्यात टाकून उकळी आणायची आणि चार-पाच मिनिटांनी ते सगळं पाणी ओतून द्यायचं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गृहिणीचा जीव इथे कळवळेल. पण त्या पाण्यात रक्त आणि राखाडी फेस असतो. पहिलं पाणी फेकायचं, हाडं नळाखाली धुवायची, पातेलं घासायचं. मासीमांचं 'निकालता है' ते हेच.

मग पुन्हा गार पाणी, तीन लिटरच्या आसपास. अंगठ्याएवढा आल्याचा तुकडा ठेचून, कांद्याच्या पातीच्या चार काड्या गाठ मारून. बस. गाजर नाही, तमालपत्र नाही, मिरी नाही, मीठ तर नाहीच. हळू आचेवर अडीच-तीन तास, झाकण न लावता. पाण्याच्या पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा यावा एवढीच आच. खळखळ उकळलं तर चरबी पाण्यात फुटून मिसळते आणि रस्सा दुधासारखा पांढरा होतो. चिनी स्वयंपाकात तसा पांढरा रस्साही मुद्दाम करतात, पण तो वेगळा. वर आलेला फेस काढत राहायचं, शेवटी फडक्यातून गाळायचं. गार झाल्यावर वर पिवळी चरबी जमते, ती टाकायची नाही, तिच्यात भाजी परतायची. खालचा रस्सा फ्रिजमध्ये खरवसासारखा थरथरत घट्ट झाला म्हणजे पायांनी आपलं काम केलं. फ्रिजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने टिकतो.

घाई असेल तर प्रेशर कुकर चालतो. पाऊण तास पुरतो, आणि आत खळखळ होत नसल्याने रस्सा स्वच्छही राहतो, फक्त वाफ आपोआप उतरू द्यायची. ज्यांनी चौदा-पंधरा हजार फुटांवर दिवस काढलेत त्यांना हे सांगायला हवं: तिथे पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि लंगरचा कुक शिव्या खातो. पण हाडांच्या रश्श्याला एवढीच आच लागते. वेळ जास्त द्यावा लागेल, इतकंच.

अळणी ठेवण्याची ही रीत फार जुनी आहे. प्राचीन चिनी विधींच्या 'लीजी' या ग्रंथात पूर्वजांपुढे ठेवायच्या महारश्श्याचा उल्लेख येतो: नुसतं मांसाचं पाणी, मीठ-मसाला न घातलेलं. १९७२ मध्ये हूनान प्रांतात मावांगदुई इथे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली एका सरदार-पत्नीची कबर सापडली. तिच्याबरोबर पुरलेल्या अन्नाची यादी बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेली आहे, आणि त्या यादीत हा बिनमसाल्याचा रस्सा इतर रश्श्यांपासून वेगळा नोंदलेला आहे. सहाव्या शतकात ज्या स्स-श्ये या अधिकाऱ्याने शेती आणि घरकामावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात रश्श्यांचं स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे त्यात दर्जे आले. रोजच्या वापराचा साधा रस्सा, आणि म्हातारी कोंबडी, डुकराचं मांस व खारवलेला हॅम घालून केलेला मेजवानीचा 'शांग-थांग'. मासीमांचा रस्सा पहिल्या जातीचा, गरीब घरचा.

मग अजिनोमोटो आला. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं, आणि पुढच्याच वर्षी ते 'अजिनोमोटो' या नावाने बाजारात आलं. जपानी मालावर बहिष्काराचे ते दिवस. शांघायच्या वू युनचूने १९२३ मध्ये स्वतःचा तियानचू कारखाना काढून चिनी पर्याय विकायला सुरुवात केली. म्हणजे स्वदेशी अजिनोमोटो! मला स्वतःला या पांढऱ्या पुडीचा राग नाही. कोंबडीत इनोसिनेट असतं, सोया सॉसमध्ये ग्लुटामेट, आणि दोन्ही एकत्र आले की चव बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. पण पुडीत फक्त एकच बाजू असते. तीन तासांचं काम चिमटीत उरकलं असं वाटतं, आणि जिभेला कळतं की काहीतरी राहिलं.

आपल्या गाडीवर ते पूर्णच राहिलं. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन केलं असं सांगतात. लसूण, आलं, हिरवी मिरची हा आपला मसाला, त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. पदार्थ बुद्धिमान आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यात आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांत दाटपणा कॉर्नफ्लोअरने येऊ लागला, जोर मिरचीने. शिवाय एकाच कढईत व्हेज आणि नॉनव्हेज करायचं तर हाडांचं पाणी ठेवून चालत नाही. मूग भजी तळणाऱ्या तेलात बोंबील तळले तर गिऱ्हाईक उभं राहील का? त्यामुळे रश्श्याच्या जागी नळाचं पाणी आलं. जेवण सगळ्या देशात पसरलं, पण ते ज्यांचं होतं त्यांच्याबद्दल कुणाला काही माहीत असण्याची गरज उरली नाही.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनचा हल्ला झाला. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बोमडिला पडलं, तेजपूर रिकामं झालं. २१ तारखेला युद्धविराम झाला, त्याच दिवशी यशवंतरावांनी संरक्षणमंत्रिपद हाती घेतलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण सगळेच ऐकत वाढलो. त्याच आठवड्यात आसामात माकुमसारख्या गावांतून चिनी वंशाच्या कुटुंबांना पोलिसांनी उठवलं आणि आगगाडीत बसवलं. सुतार, चहाच्या मळ्यांवरचे कारागीर, दुकानदार, त्यांच्या आसामी बायका, शाळकरी मुलं. अशी आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडची सुमारे तीन हजार माणसं राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत पोचली. हीच ती देवळी, जिथे इंग्रजांनी श्रीपाद अमृत डांगे आणि जयप्रकाश नारायण यांना स्थानबद्ध केलं होतं. खटला नाही, आरोप नाही. सुरुवातीला एकत्र शिजवलेलं, न जाणारं अन्न, पुढे शिधा देऊन ज्याने त्याने आपलं शिजवावं अशी सोय. जॉय मा यांचा जन्मच या छावणीत झाला. त्यांनी दिलीप डिसूझा यांच्याबरोबर 'द देवलीवालाज' हे पुस्तक लिहिलंय, ते २०२० मध्ये आलं. प्रत्येक माजी सैनिकाने वाचावं असं मी म्हणेन.

कारण आपल्या बाजूची एक तारीख आपल्याला पाठ असते. ७ इन्फंट्री ब्रिगेडचे ब्रिगेडियर जॉन दळवी २२ ऑक्टोबरला नामका चू भागात चिन्यांच्या हाती सापडले आणि मे १९६३ मध्ये सुटून परत आले. त्या सुमारास आपले बहुतेक युद्धकैदी घरी आले होते. देवळीतले शेवटचे लोक सुटले ते १९६७ मध्ये. शत्रूने आपला सैनिक सात महिन्यांत सोडला आणि आपण आपला सुतार चार-पाच वर्षं ठेवला. नामका चूवर उन्हाळी कपड्यांत, मोजक्या गोळ्यांनिशी लढलेल्यांचा यात काही दोष नाही. त्यांची लढाई समोर बंदूक घेतलेल्या माणसाशी होती. माकुमच्या शाळेतल्या मुलीकडे कुठली बंदूक होती? सैनिकाने शत्रूची ओळख गणवेशावरून करायची असते, चेहऱ्यावरून नव्हे, हे आपल्याला प्रशिक्षणात शिकवतात. ते गृहखात्यालाही लागू पडायला हवं होतं.

दोन हजारांहून जास्त लोकांना १९६३ मध्ये चीनने पाठवलेल्या जहाजांतून नेण्यात आलं. त्यातल्या अनेकांनी तो देश कधी पाहिलाच नव्हता. कोलकात्यातले बहुतेक छावणीत गेले नाहीत, पण पोलिसांत नोंदणी, हजेरी आणि संशय त्यांच्याही वाट्याला आला. हळूहळू लोक कॅनडा, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँगला निघाले. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे टांग्राच्या टॅनरी शहराबाहेर हलवायला सांगितल्या. बऱ्याच कुटुंबांनी बानतल्याला न जाता टॅनरीच्याच जागी हॉटेलं काढली, काहींनी दुकान बंद केलं. एकेकाळी वीस हजारांच्या घरात असलेली वस्ती आता दोन-अडीच हजारांवर आली असं सांगतात. मासीमांची दोन्ही मुलं टोरांटोला आहेत. त्यांनाही बोलावणं होतं. "वहाँ मुर्गी का पैर अच्छा मिलता है," एवढं म्हणून त्यांनी विषय बदलला.

रविवारच्या बाजारात आता विकणारे निम्म्याहून अधिक बंगाली आणि बिहारी आहेत. त्यांतले काही चिनी घरांत काम करून शिकलेले, हात चांगला आहे. कुणी कोलकात्याला पोस्टिंगवर असाल तर पोद्दार कोर्टाच्या बाजूने आत शिरा आणि सहाच्या आत पोचा. सूपाचं पातेलं साडेसातला रिकामं होतं. वर लाल चटणी हवी का विचारतील. आधी तशीच एक वाटी घ्या.